शेवटी तो एकटा वाजवतो

४ जानेवारी

साहेबांनी आज बोलावून सांगितलं, "जुन्या रॉकच्या रेकॉर्डी आता सीडीवर जाणार. टेपखोली तुमची, निवड तुमची, सहीसुद्धा तुमचीच." मी नुसतं "बरं" म्हटलं. आतून उड्या मारत होतो. इतकी वर्षं लोकांच्या टेपा पुसल्या, गुंडाळल्या, जागच्या जागी ठेवल्या, आणि कव्हरवर नाव दुसऱ्यांचं. आता कुठे माझ्या टापटिपीला कोणी विचारतंय.

पहिल्या खेपेतच पिवळी आहे. पिवळी म्हणजे घुम्याच्या बँडची रेकॉर्ड. कव्हर पिवळंधमक, म्हणून सगळे तिला पिवळीच म्हणतात. घुम्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. बेस गिटार वाजवायचा. चार जाड तारा, आणि तोंडात शब्द नाही, म्हणून घुम्या. कार्यक्रमाहून परतताना गाडी उलटली आणि गेला. सव्विसाव्या वर्षी.

घरी येऊन आधी आईला सांगितलं. तिची पिवळी वाजून वाजून झिजली आहे, आणि रेकॉर्ड वाजवायचं ते कपाटाएवढं लाकडी मशीन तर मीच भंगारात दिलं. अर्धी खोली अडवून बसलं होतं, मागे झुरळांचं गोकुळ. तेव्हापासून तिला ऐकायलाच मिळालेलं नाही. म्हटलं, "आई, सीडी झिजत नाही, घासत नाही. घुम्या आता कायमचा."

"कायमचा?" ती म्हणाली. "बघ हं मोठ्या. मी वाट बघत बसेन." आणि डोळ्याला पदर लावून आत गेली.

ही म्हणाली, "आधी होऊ द्यायचं होतं, मग सांगायचं." आमच्या बायकोला कशातही आधी-नंतर दिसतं.

११ जानेवारी

टेपखोली म्हणजे उकिरडा. प्रत्येक रेकॉर्डीची दोन-दोन खोकी. एकात मूळ टेप, म्हणजे बँडनं वाजवलं ती. ती ब्लेडनं कापून कापून जोडलेली; हाताला ठिगळांशिवाय काही लागत नाही. डिंक बाहेर आलेला, खोक्यावर चहाच्या कपांची वर्तुळं, पेन्सिलीनं गिचमिड. दुसऱ्या खोक्यात तिच्यावरून केलेली प्रत. सलग, एकसंध, कुठे सांधा नाही, टाइप केलेली चिठ्ठी चिकटवलेली.

रेकॉर्डीवर खाच कापायचे ते म्हातारबुवा या प्रती करायचे. ते निवृत्त झाले आणि वारलेही. "ही सुईसाठी केलेली आहे," असं म्हणायचे. असेल. सुईला चालली ती सीडीला का चालू नये? आणि ठिगळाचा सदरा नि इस्त्रीचा सदरा समोर असताना लग्नाला माणूस कुठला घालून जातो? मी सगळीकडे प्रतच घ्यायची ठरवली.

१९ जानेवारी

आज पिवळी सीडीसाठी चढवली.

खरं सांगायचं तर ती मी पहिल्यापासून शेवटपर्यंत कधीच ऐकली नव्हती. तो होता तेव्हा कंटाळा, तो गेल्यावर हिंमत नाही. आजसुद्धा गाणं म्हणून नाहीच ऐकलं. कुठे कट्ट वाजतंय, कुठे खरखर येतेय, तेवढंच बघत राहिलो. म्हटलं, काम आहे, कामासारखं करायचं.

शेवटच्या गाण्यात गायक थांबतो, गिटार थांबते, ड्रम थांबतात, आणि मग बराच वेळ मागे नुसती घरघर. जुन्या मशीनची असणार. ती हळूहळू मिटवून टाकली. आता गाणं संपलं की शांतता, घासलेल्या ताटासारखी लख्ख. घुम्यासाठी एवढं तरी नीट करता आलं.

कामात असताना उगाच आठवत होतं. त्याची खोली माझ्या खोलीला लागून. तो वाजवायला बसला की मी भिंतीवर मूठ आपटायचो. म्हणजे, कमी कर. तो कमी करायचा. मग थोड्या वेळानं पुन्हा. शेवटी मी त्याचा स्पीकरच बंद करायला लावला, तर पठ्ठ्यानं गिटारचं डोकं लाकडी कपाटाला टेकवून वाजवायला सुरुवात केली. सगळं कपाट घुमायचं. आतले हँगर किणकिणायचे. आईला भारी कौतुक. मी आपला भिंत बडवतोय.

२ फेब्रुवारी

साहेबांना टेपखोलीत नवीन मशीनसाठी जागा हवी. म्हणाले, "एकाच गोष्टीची दोन-दोन खोकी कशाला?" माझ्या मनातलंच बोलले. ज्या रेकॉर्डी सीडीसाठी चढवून झाल्या त्यांच्या ठिगळवाल्या टेपा काढायला घेतल्या. टेप गुंडाळायच्या लोखंडी चकत्या ठेवायच्या, टेप ओढून गोणीत भरायची.

पिवळीच्या खोक्याशी हात जरा थबकला. झाकणावर घुम्यानं काढलेलं चित्र होतं: एक माणूस, आ वासलेला, दोन्ही मुठींनी भिंत बडवतोय. केसांचा भांग बघूनच कळलं कोण ते. हसू आलं, आणि मग रडूही. झाकण आईसाठी जपून बाजूला ठेवलं. टेप गोणीत गेली.

खोली आता काय दिसते! जमिनीवर पाय ठेवायला जागा आहे. संध्याकाळी टेम्पो येऊन गोण्या घेऊन गेला.

३ फेब्रुवारी

आईनं झाकण आपल्या पलंगासमोर भिंतीवर लावलं. "अगदी तू," म्हणाली. दिवसभर येता-जाता हसत होती.

९ एप्रिल

आली! हातात घेतली तर काय चकचकीत, आरशासारखं तोंड दिसतंय. प्लेयर काल आणूनच ठेवला होता. आईला खुर्चीत बसवलं, दोन्ही बाजूंना स्पीकर, हिला म्हटलं पंखा बंद कर.

आई हात मांडीवर ठेवून बसली. पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. मी म्हटलं, "बघ, एक तरी खरखर आहे का?"

"नाही रे, छान आहे. तो अजून आला नाही का?"

"आई, तो पहिल्यापासून आहे. बँडमध्येच आहे तो."

"हो का," म्हणाली, आणि मान पुढे काढून ऐकत राहिली. शेवटचं गाणं आलं तशी खुर्चीच्या कडेला सरकून बसली. गाणं संपलं, शांतता झाली. ती तशीच बसलेली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "शेवटी तो एकटा वाजवतो ना रे? सगळे थांबतात आणि तो एकटाच. कुठाय तो?"

मी म्हटलं, "नाही आई, गाणं संपलं."

"संपलं," ती म्हणाली. मग हिनं पंखा लावला.

मला फार वाईट वाटतंय. आईचे कान गेले. वय झालं हे मान्य, पण याच वेळी जायचे होते?

१५ एप्रिल

आईला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून तिला बारीक-जाड आवाज ऐकवले. बाहेर येऊन डॉक्टर म्हणतात, "वयाच्या मानानं उत्तम आहेत. वरचे, पातळ आवाज थोडे कमी येतात, ते सगळ्यांचंच होतं. खालचे जाड आवाज माझ्यापेक्षा चांगले ऐकतात."

नवशिका दिसतोय. मी म्हटलं, यंत्र लिहून द्या. तो म्हणाला, तशी गरज नाही. मी म्हटलं, मुलगा मी आहे. दिलं.

घरी ही म्हणाली, "अहो, आईंना यंत्र लावताय, पण तुम्ही स्वतः एकदा बसून ऐकलंत का? कट्ट-बिट्ट नाही. गाणं." मी म्हटलं, ज्यानं केलं त्यालाच विचारतेस? यावर तिनं भांडी जोरजोरात घासायला घेतली.

१ मे

यंत्राची आईला सवय होतेय. आधी म्हणायची, ताटावर चमचा पडला तरी कानात खिळा ठोकल्यासारखं होतं. आज पुन्हा पिवळी लावली. संपल्यावर मी विचारलं, "आलं ऐकू? घुम्या?"

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, "हो, आला की. छान वाजवलंय."

जीव भांड्यात पडला. हिला म्हटलं, बघ, दोष कानांचाच होता की नाही? ही उठून आत गेली. हिला माझं बरोबर निघालेलं पचत नाही.

मी गेल्यावर आई यंत्र काढून डबीत ठेवते असं दिसतं. सेल वाचवत असेल.

१२ जून

पिवळी धडाक्यात खपतेय. एका मासिकानं लिहिलं, "काचेसारखा स्वच्छ आवाज." साहेबांनी ते पान कापून टेबलाच्या काचेखाली ठेवलं. कुरकुर करणारेही आहेतच. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं म्हणे. साहेब म्हणाले, "लोकांना खरखरीची सवय लागलीय, स्वच्छ दिलं की पचत नाही." बरोबर आहे.

दुपारी केसाळ घरी आला. पिवळीचा गायक. तेव्हा कमरेपर्यंत केस होते म्हणून केसाळ. आता टक्कल पडलंय, नाव तेच. आईच्या पाया पडला. म्हणाला, "दादा, सीडी ऐकली. स्वच्छ झालीय." मग म्हणाला, "शेवट..."

"शेवट काय?"

"काही नाही. मूळ टेप नीट ठेवलीय ना? आमची, कापाकापीची?"

मी म्हटलं, "तिचं झाकण तर आईनं भिंतीवर लावलंय! चल, दाखवतो."

तो झाकणापुढे बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, हसेल. मित्राच्या आठवणीनं गहिवरला असावा. चहा ठेवला होता तो न घेताच गेला. एवढा मोठा गायक झाला पण रीतभात शून्य.

२ जुलै

काय लिहू.

आज दुसऱ्याच एका बँडची रेकॉर्ड चढवायची होती. प्रत काढली तर अर्ध्यावर पाण्यानं चिकटलेली, पुढे चालेना. तिची ठिगळवाली टेप रॅकच्या मागे पडली होती, म्हणून गोणीतून वाचली. नाइलाजानं तीच लावली.

टेबल हललं. खरंच हललं, टेबलावरच्या कपातला चहा थरथरला. मला वाटलं खाली कोणी ट्रक सुरू केला. दार उघडून बघून आलो. ट्रक नव्हता. बेस गिटार होती. पोटात जाऊन बसत होती. मग प्रतीचा चांगला राहिलेला अर्धा भाग लावला. तेच गाणं, तेच लोक, आणि खाली जमीनच नाही. सगळे हवेत लोंबकळताहेत. पुन्हा ही लावली, पुन्हा ती लावली.

म्हातारबुवा सुईसाठी म्हणायचे ते हे. रेकॉर्डीवर खर्जाची खाच रुंद होते, सुई उडते, रेकॉर्डीवर गाणी मावत नाहीत. म्हणून प्रत करतानाच ते खर्ज खरवडून टाकायचे आणि वरचा आवाज धारदार करायचे. लोकांकडची लाकडी मशीनं मुळातच घुमणारी. तिथं थोडंफार भरून निघायचं. आईचं मशीन तर केवढं घुमायचं. सीडीला ना खाच ना सुई. खरवडलेलं तसंच्या तसं गेलं, कायमचं, माझ्या सहीनं.

आणि पिवळीच्या शेवटची ती घरघर. ती मशीनची नव्हती. सगळे थांबले होते आणि तो एकटा वाजवत होता. तेवढंसंच उरलं होतं त्याचं, तेही मी पुसलं.

३ जुलै

सकाळी टेम्पोवाल्याला शोधून काढलं. त्याला आठवतही नव्हतं. मग म्हणाला, "त्या काळ्या पट्ट्या? त्या कोण घेतो साहेब? आमच्या घराजवळच्या डबक्यामागे जाळल्या. धूर असा झाला की काय सांगू, शेजारी भांडायला आले." मला ती जागा दाखवली. जमीन काळी आहे, त्यावर गवत उगवलंय. तो म्हणाला, काही महत्त्वाचं होतं का? मी म्हटलं, नाही.

८ जुलै

पिवळीची प्रत आहे अजून. तिच्यावरून शेवट पुन्हा काढून खर्ज वाढवून बघितला. सगळी बटणं फिरवली. वाढवलं की टेपचा फुस्कारा वाढतो, विजेची गुणगुण वाढते, आणि त्याखाली कोणी तरी बंद खोलीत चालतंय असं वाटतं. सूर हाती लागत नाही. कापलेलं वाढवून परत येत नाही, हे मी नवशिक्यांना शिकवत आलोय.

केसाळकडे गेलो. तोंड कसं दाखवलं ते माझं मला माहीत. त्यानं आपली पिवळी काढून लावली. शेवटचं गाणं रेकॉर्डीच्या अगदी आतल्या कडेला, लेबलजवळ. सुई तिथंच जास्त घासते. आधी करकर, मग करकरीखाली चार-दोन सूर, मग नुसती करकर. आम्ही दोघं सुईकडे बघत बसलो. त्यानं विचारलं, "दादा, आईंना सांगितलंत?" मी म्हटलं, आई तर ऐकू आलं म्हणाली. तो म्हणाला, "काय ऐकू आलं?"

हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

९ जुलै

साहेबांना सगळं सांगितलं. म्हणाले, "खप चांगला आहे, मासिक चांगलं म्हणतंय, उगाच उकरून काढू नका." राहिलेली ठिगळवाली खोकी फेकू नका एवढं तरी कबूल करून घेतलं. त्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लावल्या. पिवळीच्या जागी रॅकवर रिकामी चकती आहे. पुसून ठेवली. सवयच लागलीय हाताला.

१० जुलै

आज आईला सांगितलं. ही मला म्हणाली होती, मी बरोबर येऊ का? मी नको म्हटलं, तरी दाराशी उभी राहिली. बरं झालं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मशीन, प्रत, गोणी, धूर, सगळं. मी म्हटलं, "तुझे कान उत्तम आहेत. बहिरा मी. मग त्या दिवशी 'ऐकू आलं' असं का म्हणालीस?"

"तू एवढ्या हौसेनं आणलं होतंस रे." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "आणि मला वाटलं, यंत्र लावूनसुद्धा ऐकू येत नाही म्हणजे माझंच काही चुकत असेल. माझ्याच मनानं रचलं असेल. शेवटी तो एकटा वाजवतो म्हणून. कुणालाच येत नव्हतं ना ऐकू."

ती तीन महिने असं समजत होती. माझ्या हातून टेप गेली त्याहून हे मला जास्त लागलं. मी तिच्या पायाशी बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. तिनं डोक्यावर हात ठेवला, रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग विचारलं, "कसं होतं ते, आई? मी ऐकलंच नाही कधी."

"कधीच नाही?"

"भिंत बडवत होतो."

ती हसली. झाकणावरच्या त्या माणसाकडे बघितलं आणि हळू गुणगुणायला लागली. जाड, खालच्या आवाजात, म्हाताऱ्या घशातून. "धूं... धूं धूं... धूं." दोनदा अडखळली, परत मागून आली. आणि एका ठिकाणी थांबली. पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदाही तिथंच.

"पुढचं येत नाही रे," ती म्हणाली. "पुढचं मशीनच वाजवायचं. मी नुसती बसायचे."

१४ जुलै

घुम्याची गिटार माळ्यावर आहे हे हिलाच माहीत होतं. उशीच्या जुन्या खोळीत घालून तिनंच ठेवली होती, मी टाकून देईन म्हणून. तारा गंजलेल्या, पण चारही शाबूत. ऑफिसला गेलो नाही. त्याच्या खोलीत बसलो, गिटारचं डोकं कपाटाला टेकवलं आणि सगळ्यात जाड तार ओढली. कपाट घुमलं. आत हँगर किणकिणले.

मला काही वाजवता येत नाही. आई दुसऱ्या बाजूच्या आपल्या खोलीतून, भिंतीपलीकडून गुणगुणायची. मी तो सूर तारेवर शोधायचो. सापडला की ती "हां" म्हणायची, चुकला की गप्प बसायची. सकाळ त्यातच गेली. बोटांची सालटी निघाली. दुपारी कसेबसे सगळे सूर एकामागून एक लागले, लंगडत लंगडत, तिला आठवतं तिथपर्यंत. पुढचं नाही. तिथं मी थांबलो.

भिंतीवर ठकठक झाली.

हात आपोआप तारांवर गेला, आवाज दाबायला. उठून आईच्या दारात गेलो. म्हटलं, "जोरात झालं का? कमी करू?"

ती पलंगावर बसली होती, तळहात भिंतीला लावून. यंत्र डबीतच होतं.

"चुकतंय खूप," ती म्हणाली. "पण आहे. कमी करू नकोस. आहे तेवढंच पुन्हा वाजव."

मी परत जाऊन तेवढंच वाजवलं.